पूरनिधीतला चौथा हिस्सा

2024 चा ऑगस्ट सरताना विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली, तेव्हा बडोद्यातल्या मराठी मंडळांनी जे काम केलं त्याला नावं ठेवायला जागा नाही. 7 सप्टेंबरला गणपती बसायचे होते, वर्गणी जमली होती, मांडवाचा बांबू येऊन पडला होता. ते सगळं तसंच टाकून पोरं दुधाच्या पिशव्या आणि पाण्याचे जार घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून सोसायट्यांमध्ये शिरली. त्या पाण्यात मगरी आहेत हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाणी उतरल्यावर राशनकिटं निघाली: आटा, तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, चहा-साखर. त्यातले काही टेम्पो गावांकडेही गेले.

मला बोलायचं आहे ते त्याच्या पुढच्या पैशांबद्दल. प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर महिनाभर निधी जमतच राहतो, आणि तोवर किटांची गरज ओसरलेली असते. मग कमिटीत प्रश्न येतो, उरलेल्याचं काय करायचं? कुणी म्हणतं मुख्यमंत्री निधीत भरा, कुणी म्हणतं शाळेला पाण्याची टाकी द्या, कुणी म्हणतं आणखी किटं काढा. माझं म्हणणं असं, की जमलेल्या रकमेचा निदान चौथा हिस्सा गावपातळीवर लोकांच्या हक्काचं काम करणाऱ्या छोट्या संघटनांना द्यावा. पंचनाम्यात नाव घालायला लावणारी महिला संघटना, तालुक्याच्या गावी बसून अर्ज लिहून देणारे पॅरालीगल, जमिनीचे दावे लढवणारा आदिवासी किंवा दलित गट, अशांना. आणि हा हिस्सा उरलासुरला नको. पहिल्या दिवशीच वेगळा काढलेला हवा.

आधी गाव का, ते सांगतो. विश्वामित्री पावागडातून निघते, शहरातून जाते आणि खाली करजण तालुक्यात ढाढरला मिळते. बडोद्यातलं पाणी उतरलं अशी बातमी आपण वाचतो तेव्हा ते पाणी करजण-पादऱ्याच्या शेतांत चढत असतं. वरून देव धरणाचं पाणी ढाढरमध्ये येतं, त्यात वाघोडिया-डभोईकडची गावं तुटतात. 2023 च्या सप्टेंबरात सरदार सरोवराचे दरवाजे उघडले तेव्हा चांदोद, करनाळी बुडाली, खाली भरूच-अंकलेश्वर बुडालं. गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीला आपण वर्षातून एकदा तरी जातो, तो सगळा नर्मदाकाठ त्यात होता. शहरातल्या पुराच्या बातम्या आठवडाभर चालतात. गावाच्या वाट्याला एखादा दिवस आला तरी खूप.

आता गावात काय अडतं ते पाहू. सरकारी मदत नसते असं नाही. केंद्र निकष ठरवतं, राज्य सरकार त्यावर आपली भर घालतं. 2022 ते 2026 साठी ठरवलेल्या निकषांत पिकाचं 33 टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये, बागायतीला 17,000, बारमाही पिकाला 22,500, आणि तेही 2 हेक्टरांपर्यंत. दुभती म्हैस गेली तर 37,500. सपाट प्रदेशात घर पूर्ण पडलं तर 1,20,000. तेच घर अंशतः पडलं असेल, तर पक्क्याला 6,500 आणि कच्च्याला 4,000.

हे शेवटचे आकडे पुन्हा वाचावेत. पाहणीला आलेला माणूस कागदावर ‘पूर्ण’ लिहितो की ‘अंशतः’, यावर त्या घराचं एक लाखाहून अधिक रकमेचं भवितव्य ठरतं. मातीची भिंत आठ दिवस पाणी पिऊन उभी असते आणि ऊन पडल्यावर फुगून, तडकून दहाव्या-पंधराव्या दिवशी कोसळते. पंचनामा पाचव्या दिवशी झालेला असतो. म्हैस वाहून गेली तर तिचं कलेवरच नाही, मग दाखला कशाचा काढायचा? अशा वेळी फेरपाहणीचा अर्ज कुणाकडे, किती दिवसांत, कोणत्या शब्दांत करायचा हे माहीत असलेलं एक माणूस गावात असलं तर काम होतं. नसलं तर तलाटी ‘वरून आलं नाही’ म्हणतो आणि विषय संपतो.

गेल्या वर्षी डभोई तालुक्यातल्या एका गावात मी असं काम बसून पाहिलं. पंचायतीच्या ओट्यावर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, औषधांच्या खोक्यावर ठेवलेली कागदांची चळत, आणि संघटनेची एक बेन, वय पस्तिशीच्या आसपास. समोर साठीचे एक काका. जमिनीचा 8-अ चा उतारा अजून त्यांच्या बापाच्या नावावर. बाप जाऊन कितीतरी वर्षं झाली, वारसाई कुणी चढवलीच नाही. तीन भाऊ, त्यांतला एक सुरतेला. मदतीच्या अर्जाला उतारा हवा, तलाट्याचा वावेतराचा (पेरणीचा) दाखला हवा, बाकीच्या भावांचं संमतीपत्र हवं, आधार जोडलेलं बँक खातं हवं. वारसाईसाठी आणखी पेढीनामा, म्हणजे वंशावळ. बेनने सुरतेला फोन लावून भावाला संमतीसाठी पटवलं, मग पेढीनामा लिहायला घेतला आणि विचारलं, बहिणी किती? काका कुरकुरले, ‘बेनोनां नाम शुं काम?’ ती मान वर न करता म्हणाली, ‘कायदो छे, काका.’ दोन्ही बहिणींची नावं गेली. 2005 पासून हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, हे त्या ओट्यावर पुराच्या निमित्ताने अमलात आलं. एरवी कुणी त्या काकांना ते करायला लावलं असतं असं मला वाटत नाही.

हिशोबच मांडायचा तर मांडू. वरच्या निकषांनी 2 हेक्टर कोरडवाहू असलेल्या एका कुटुंबाचा अर्ज मंजूर झाला की घरात 17,000 रुपये येतात. हजार रुपयांचं एक किट धरलं, तर ती सतरा किटं झाली. बेनच्या कामाला लागतं काय? महिन्याचं मानधन, एसटीचं भाडं, झेरॉक्स, फोन. यातल्या कुठल्याही खर्चापुढे मंडळाचा बॅनर धरून फोटो काढता येत नाही, आणि खरं सांगायचं तर घोडं तिथेच पेंड खातं.

ज्यांच्या नावावर जमीनच नाही त्यांचं प्रकरण याहून अवघड. मध्य गुजरातेत कितीतरी शेतं भागिया, म्हणजे वाट्याने शेती करणारे, कसतात. बरेचसे दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडचे आदिवासी. बियाणं-खतात वाटा त्यांचा, राबणं सगळं त्यांचं, पीक बुडालं तर बुडणंही त्यांचं. मदत मात्र उताऱ्यावरच्या नावाला जाते. मालक भला असेल तर त्यातलं काही देतो. नसेल तर भागियाने तक्रार करायची कुणाकडे, आणि केलीच तर पुढच्या हंगामात त्याला शेत कोण देणार? इथे एकट्या माणसाला बोलायची सोय नसते. चार-पाच गावांतल्या भागियांचा गट असेल तरच मालकाशी पेरणीआधी काही ठरवता येतं. असा गट उभा करायला वर्ष-दोन वर्षं जातात. पूर आल्यावर धावाधाव करून तो तयार होत नाही, आणि आपला निधी तर पूर आल्यावरच जमतो. म्हणूनच यंदाच्या पुराचा पैसा पुढच्या पुराआधीच्या कामाला द्यायचा.

कमिटीत हे मांडलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो. ‘अहो, हे राजकारण झालं. आपण मदत करणारी माणसं.’ आरतीला आमदार-नगरसेवकांना बोलावताना हा प्रश्न कुणाला पडत नाही, हा भाग सोडून देऊ. पण आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण हक्काची मागणी केली की कुणाचं तरी बिनसतं हे खरंच आहे. त्यावर मी दोन गोष्टी सांगेन.

एक म्हणजे कायदाच हे मागतो. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं 61 वं कलम सांगतं, की भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेद करता येणार नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं 12 वं कलम त्याहून पुढे जातं: पूर, दुष्काळ, भूकंप यांत सापडलेल्या माणसाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. म्हणजे पूरग्रस्ताला वकिलाची गरज पडते हे संसदेने सदतीस वर्षं आधी ओळखलं होतं. 2024 च्या आमच्या किटांच्या यादीत मात्र ते कुठेच नव्हतं. हे हक्क वापरायला लावणाऱ्याला राजकारणी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

दुसरी गोष्ट आपल्या घरातलीच आहे. 1896 च्या दुष्काळात टिळकांनी काय केलं? सरकारचा दुष्काळ-संहितेचा जो नियमग्रंथ होता, त्यातली कलमं ‘केसरी’तून आणि पत्रकांतून शेतकऱ्यांना मराठीत समजावून सांगितली. सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव गेली आणि नियमात सारातहकुबी (शेतसारा पुढे ढकलणं) आणि दुष्काळी कामं आहेत, ती मागा असं सांगत फिरली. ही भीक नाही, सरकारने स्वतः छापलेलं वचन आहे, असा सगळा रोख. सरकार चिडलं आणि 1897 मध्ये त्याने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. दर गणेशोत्सवात टिळकांची तसबीर लावणाऱ्या मंडळाला हक्काच्या कामाचं वावडं असावं, हे मला कधीच कळलेलं नाही.

बडोद्याच्या शेजारी खेडा जिल्ह्यात 1918 साली हाच प्रश्न आणेवारीच्या, म्हणजे सोळा आण्यांपैकी पीक किती आणे आलं या अंदाजाच्या, रूपात उभा राहिला. पीक चार आण्यांहून कमी आलं तर सारा तहकूब व्हायला हवा. चार आण्यांहून कमी आलं की नाही हे ठरवणार कोण? गांधी आणि गुजरात सभा मैदानात उतरली, पण गावांतल्या चौकशीसाठी गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्करही गेले होते. हेच ठक्कर पुढे पंचमहालच्या दुष्काळात काम करता करता भिल्लांमध्ये रमले, आणि 1922 मध्ये दाहोदला भील सेवा मंडळ उभं राहिलं. धान्य वाटायला गेलेला माणूस वाटप संपल्यावरही तिथेच राहिला, सावकारी, वेठ, शिक्षण हे विषय त्याने हातात घेतले. ठक्करबापांनी गाशा गुंडाळून परतीची गाडी पकडली असती तर आज त्यांचं नाव घ्यायचं कारण उरलं नसतं.

अलीकडचा दाखला कच्छचा. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात गुजरातेत तेरा हजारांहून जास्त माणसं गेली. बडोद्याहून किती ट्रक गेले याची गणती नाही, आणि भचाऊ-भूजच्या रस्त्यांवर जुन्या कपड्यांचे ढीग पडून होते हे तिथे गेलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. दलित आणि मुस्लिम वस्त्यांपर्यंत मदत उशिरा पोचते अशा तक्रारीही तेव्हा उघडपणे झाल्या. पण कच्छमध्ये एक चांगली गोष्ट आधीपासून होती. 1998 च्या चक्रीवादळानंतर तिथल्या संस्थांनी मिळून कच्छ नवनिर्माण अभियान उभं केलं होतं. भूकंप झाल्यावर त्यांनी गावांच्या समूहासाठी एकेक सेतू केंद्र उघडलं: कुणाला कोणतं पॅकेज लागू, हप्ता का अडला, नकाशा कुठे द्यायचा, हे सांगणारी जागा. सरकारने घरं स्वतः बांधून देण्याऐवजी बहुतेक ठिकाणी मालकाच्या हातात हप्त्याने पैसे दिले, आणि ते धोरण गावापर्यंत उतरलं त्यात या केंद्रांचा हात मोठा होता. उलट बाजूला 1993 चं किल्लारी आठवा. तिथे पन्नासच्या वर गावं नव्या जागी नेली, शहरी वसाहतीसारख्या सरळ रांगा आखल्या. गोठा कुठे, शेत किती लांब, वाड्याची ओसरी कुठे गेली, हे विचारणारं कुणी वेळेवर भेटलं नाही. घरं मजबूत झाली, हे मान्यच. तरी लोकांची तक्रार कितीतरी वर्षं ऐकू येत राहिली.

एखादं गाव ‘दत्तक’ घ्यायच्या कल्पनेचा मला म्हणूनच धाक वाटतो. दत्तक घेणारा नाव लावतो, कमान बांधतो आणि उद्घाटनानंतर दिसत नाही.

दुसरा आक्षेप विश्वासाचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. पाटी लावून बसलेल्या, लेटरहेडवर चालणाऱ्या संस्था आहेत. त्यांना पैसे देण्यापेक्षा किटं बरी. पण पारख करता येते. लेखापरीक्षणाचा अहवाल मागावा, हे झालंच. त्याहून कामाचं म्हणजे कार्यकर्त्यांना न घेता गावात जाऊन दोन तास बसावं, विहिरीवर, दुधाच्या डेअरीवर, आणि संघटनेचं नाव काढून बघावं. लोक शिव्या घालत असतील तरी हरकत नाही, शिव्या कुणाच्या तोंडी आहेत ते पाहावं. सरपंच रागावलेला आणि मजूर बाया ओळखणाऱ्या, तर बहुधा पत्ता बरोबर आहे. मग संघटनेला विचारावं, कोणतं प्रकरण हरलात? जिने एकही हरलेलं सांगितलं नाही, तिच्याकडून उठावं.

तिसरा आक्षेप पावतीचा. अशा कितीतरी गटांकडे 80जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता, नसतं. पण नवी करप्रणाली घेतलेल्याला त्या कलमाची सूट तशीही मिळत नाही, आणि आता नोकरदारांपैकी बरेच जण तीच घेतात. शिवाय मंडळाला 80जी असेल तर देणगीदाराला पावती मंडळाची मिळते. पुढे पैसा कुणाला, हा मंडळाच्या ठरावाचा विषय.

आणि इथे देशातल्या छोट्या देणगीदाराची गरज पूर्वीपेक्षा जास्त का आहे, तेही समजून घ्यायला हवं. परकीय निधीच्या कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती झाली. त्याआधी मोठी संस्था बाहेरून आलेला पैसा खालच्या छोट्या नोंदणीकृत संस्थांना वाटून देऊ शकत असे. आता एका संस्थेने तो दुसरीला देणं पूर्ण बंद आहे, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. हक्काच्या कामात तर माणसांचे पगार हाच मुख्य खर्च. गुजरातेतल्या दलितांमध्ये 1989 पासून काम करणाऱ्या नवसर्जन ट्रस्टचा परकीय निधीचा परवाना 2016 च्या डिसेंबरात रद्द झाला आणि त्यांना बहुतेक कार्यकर्त्यांना निरोप द्यावा लागला. कंपन्यांच्या सीएसआरचं (सामाजिक जबाबदारीच्या निधीचं) म्हणाल, तर 2019 पासून आपत्तीतली मदत आणि पुनर्वसन त्यात बसतं, पण त्यासाठी संस्थेची सीएसआर-1 नोंदणी लागते, तीन वर्षांची कामगिरी दाखवावी लागते, आणि कंपनीला शेवटी मोजता येईल असं काहीतरी हवं असतं: इतक्या टाक्या, इतकी शौचालयं. ज्या जमीनदाराकडे मजुरी थकली त्याच्याविरुद्ध अर्ज करणाऱ्या गटाला कंपनी पैसे देईल, असं समजणं भाबडेपणाचं आहे. मग राहतं कोण? रावपुऱ्यातला दुकानदार, निवृत्त बँकवाला, दांडिया बाजारातलं मंडळ.

आपल्या लोकांकडे पैशाखेरीज आणखी एक चीज आहे. बडोद्यातली निम्मी मराठी घरं गायकवाडी दप्तराच्या आधाराने वाढली. कारकून, वकील, मास्तर, मामलेदार. कागद कसा लिहावा, कोणत्या टेबलावर तो अडतो, कुणाच्या सहीने सुटतो, हे आपल्याकडच्या साठीपुढच्या निदान एका माणसाला प्रत्येक गल्लीत कळतं. महिन्यातून एक शनिवार करजणला किंवा डभोईला जाऊन अशा गटाच्या अर्जांवर नजर टाकायला काही जड नाही. मात्र तिथे जाऊन पुढारपण करू नये. टेबल त्या बेनचं आहे.

पैसे द्यायचे तर कसे, एवढं सांगून थांबतो. वस्तूच्या यादीला बांधून देऊ नयेत. दोन किंवा तीन वर्षांसाठी, दर सहा महिन्यांनी, एका-दोघांच्या मानधनाला आणि प्रवासाला पुरतील असे द्यावेत. रक्कम लहान असली तरी चालेल, तुटक नसावी. बदल्यात सहा महिन्यांनी एक पानभर अहवाल: किती अर्ज केले, किती मंजूर, किती फेटाळले आणि का. बॅनर, कमान, सत्कार काहीही मागू नये. मंडळाच्या सर्वसाधारण सभेत यासाठी तीन ओळींचा ठराव पुरतो. मात्र तो मांडण्याआधी कुणीतरी ट्रस्टची घटना उघडून पाहावी. हेतूंच्या कलमात ‘सांस्कृतिक आणि शैक्षणिक कार्य’ एवढंच लिहिलेलं असेल, तर ऑडिटर पहिल्याच वर्षी हा खर्च अडवेल. आपत्तीग्रस्तांना कायदेशीर साहाय्य हा हेतू त्यात घालून घ्यायचा असेल तर चॅरिटी कमिशनरकडे अर्ज करावा लागतो, आणि तिथे किती महिने जातात हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. अर्ज पावसाळ्याआधी गेला पाहिजे.